हिवाळी गहू ओंबीवर येत नाहीये? फ्रिज वापरा

हिवाळी जातीचा गहू थंडी संपल्यावर पेरला की नुसता गवतासारखा फुटवे काढत बसतो, ओंबी काही धरत नाही, कारण त्याला आधी थंडी खावी लागते. उपाय सोपाय. बी रात्रभर भिजवा, पांढरं मूळ जेमतेम टोक काढेल तेव्हा ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये ४-५ अंशाला ६ ते ८ आठवडे ठेवा, फ्रीझरमध्ये नाही हं! कोरडं बी ठेवून उपयोग शून्य, थंडी कळायला बी जागं असावं लागतं. मधेमधे बुरशी आलीय का बघा. बाहेर काढल्यावर लगेच ३० अंशाच्या वर तापू देऊ नका, थंडीचा असर पुसला जाऊ शकतो. वसंतात पेरायच्या जातींना बहुतेक याची गरजच नसते.