पंप अ‍ॅक्शन शॉटगन अडकली? आधी काडतूस कुठे थांबलंय ते बघा

इथे अमेरिकेत क्ले शूटिंगला (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम) नाहीतर शिकारीला नवीन लागलेले आपले लोक बहुतेक रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० या पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागेपुढे करून काडतूस भरायच्या) शॉटगन घेतात, आणि पहिल्याच महिन्यात "बंदूक बिघडली हो" म्हणून रेंजवर येतात. बऱ्याचदा बंदुकीला काहीही झालेलं नसतं. आधी आपला हात, मग काडतूस, मग मळ, आणि सगळ्यात शेवटी सुटे भाग, या क्रमाने बघा, स्क्रूड्रायव्हर शेवटी.

सुरुवातीला एवढं करायचंच. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, सगळी काडतुसं बाहेर, मग चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिनची नळी (खालची, काडतुसं साठवायची) डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा पण. जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. घरी जे काही तपासायचं ते डमी राउंडवर, म्हणजे दारू नसलेल्या नकली काडतुसांवर.

फोरएंड (पुढची सरकती मूठ) हलतच नाही? घोडा चढलेला असला की अ‍ॅक्शन (काडतूस आतबाहेर करणारी यंत्रणा) लॉक राहते, ती मुद्दाम तशी बनवलीये. ८७० ला ट्रिगर गार्डच्या पुढे डावीकडे आणि मॉसबर्गला गार्डच्या मागे डावीकडे एक छोटा खटका असतो, तो दाबून ओढा, बहुतेक वेळा सुटतं. तरी नाही सुटलं आणि आत जिवंत काडतूस असेल तर दस्ता जमिनीवर आपटायचा उद्योग करू नका (यूट्यूबवर करतात, करू देत), नळी सुरक्षित दिशेला ठेवून रेंजवरच्या माणसाला हाक मारा.

आता रिकामं टरफल. ते बाहेर यायच्या दारातच तिरकं अडकलं असेल तर नव्वद टक्के तुमचा हात हळू पडलाय असं समजा. लोक फोरएंड घाबरत घाबरत मागे आणतात आणि शेवटचा इंचभर राहिला की पुढे ढकलतात, मग जुनं टरफल बाहेर नाही आणि नवीन काडतूस आत यायला बघतंय, दोघांची गर्दी. ठक् आवाज येईपर्यंत मागे, ठक् आवाज येईपर्यंत पुढे, लाजायचं नाही.

टरफल चेंबरमध्येच चिकटून बसलं तर काडतुसाच्या बुडाला चुंबक लावून बघा. स्वस्त डब्यातल्या काडतुसांचं बूड दिसतं पितळी पण असतं लोखंडी, चुंबक पटकन चिकटतो. बार झाल्यावर पितळ फुगून परत आकसतं, लोखंड तेवढं आकसत नाही आणि चेंबरच्या भिंतीला धरून बसतं, त्यात चेंबर आतून जरा खरबरीत असेल तर मग बघायलाच नको. दुसऱ्या कंपनीचा एक डबा घेऊन बघा, प्रॉब्लेम गेला तर विषय संपला. नाही गेला तर चेंबर घासा, सॉल्व्हेंट लावून ब्रॉन्झच्या ब्रशने, पण चेंबर नळीपेक्षा रुंद असतं म्हणून नळीचा ब्रश तिथे सैल पडतो, चेंबरचा वेगळा मिळतो तो आणा. मग टरफलाची कड बघा. तिथे खरवडल्याची ताजी खूण असेल तर एक्स्ट्रॅक्टरने (टरफल कडेला धरून ओढणारा आकडा) पकडलं होतं पण निसटलं, त्या आकड्याखाली साचलेली काजळी टूथपिकने काढा, आणि तरी निसटत असेल तर स्प्रिंग बदलायला आली.

टरफल चेंबरमधून निघतं पण बाहेर फेकलं जात नाही, हा इजेक्टरचा (टरफल बाहेर उडवणारा भाग) प्रकार. ८७० मध्ये तो रिसीव्हरच्या (बंदुकीचा मधला धातूचा सांगाडा) आत रिव्हेट केलेला असतो, घरी हात लावू नका, गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणारा) द्या.

काडतूस मॅगझिनमधून नीट येत नाही, किंवा एकदम दोन येतात? ८७० मध्ये काडतूस अडवून धरणारे दोन लॅच असतात, ते ढिले झाले की काडतूस वेळेआधी सुटून लिफ्टरच्या (काडतूस चेंबरसमोर उचलणारी पट्टी) खाली जाऊन बसतं आणि अ‍ॅक्शन पार जाम. जुन्या ८७० च्या लिफ्टरला खाच नसते त्यामुळे असं अडकलेलं काढणं फार किचकट, नंतरच्या मॉडेलमध्ये खाच आणि लवचिक पट्टी दिलीये. मॅगझिनची स्प्रिंग गंजलीये का तेही बघा, आणि बदकांच्या शिकारीसाठी आत घातलेला प्लग (कायद्याने एकूण तीनच काडतुसं चालतात म्हणून घालतात तो) नीट बसलाय का ते बघा. मॅगझिनची पुढची टोपी सैल असेल तरी नळी पुढेमागे हलते आणि सगळं जड चालतं, हे तर सगळ्यात आधी हाताने आवळून बघायचं.

चाप ओढला आणि नुसता टिक आवाज आला, तर अ‍ॅक्शन लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा, बार उशिराही उडू शकतो. मग ते काडतूस बाजूला काढून मागच्या टिकलीवर पिनेचा ठसा बघा, उथळ असेल तर बोल्टमध्ये (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) तेल घट्ट होऊन पिन अडखळतीये. लोक तेल ओततात नुसतं, थंडीत त्याचं चिकट होतं, पुसून एखाद थेंब पुरे. आणि उलट फुसका आवाज आला, धक्का कमी लागला, तर पुढचं काडतूस अजिबात घालू नका, बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा, वॅड (काडतुसात दारू आणि छर्‍यांच्या मधे असतो तो तुकडा) आत अडकलेला असू शकतो.

काडतुसाची लांबी पण नळीवर लिहिलेली असते ती वाचा. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसतं, पण लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, त्याच्या तोंडाची घडी उघडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. २० गेजचं (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तेवढी नळी अरुंद) काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, त्याच्यावर १२ चं उडवलं तर नळी फुटते, म्हणून २० ची टरफलं पिवळी करतात. दोन्ही एका पिशवीत कधीच नाही.

सगळं परत जोडलं की रिकाम्या बंदुकीवर करून बघा: फोरएंड मागेपुढे केलं की खटका दाबल्याशिवाय परत उघडता कामा नये, सेफ्टी लावून चाप ओढला तर टिक नाही, काढून ओढला तर टिक, आणि त्यानंतर फोरएंड आपोआप मोकळं. यातलं एक जरी जमलं नाही तरी काडतूस भरायचं नाही, थेट गनस्मिथ.