मुलं साबण लावतच नाहीत? या चुका टाळा

शाळेत हात धुवायचं पोस्टर लावून झालं, धुण्याच्या सात स्टेप्स पाठ करून झाल्या, १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिनही झाला, आणि तरी डबा खायच्या आधी पोरं नळाखाली बोटं ओली करतात, कपड्यांना पुसतात आणि मोकळी. माहिती कमी पडत नाहीये हो, सोय कमी पडतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साबण कपाटात ठेवणं. चोरीला जातो, पोरं खेळतात, वाया घालवतात, सगळं मान्य, पण मागून घ्यायचा साबण कुठलंच पोर मागत नाही. वडी जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधा. नाहीतर बाटलीत पाणी आणि थोडी कपड्याची पावडर घालून हलवा, झाकणाला बारीक भोक पाडा, झाला लिक्विड सोप. महागडा अँटीबॅक्टेरियल साबण वगैरे काही लागत नाही, साध्यानेही काम होतं.

दुसरी चूक वेळेची, आणि ही कोणी मोजतच नाही. एक नळ, ४० मुलं, प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तरी २० मिनिटं. मधली सुट्टी तेवढीच असेल तर पोरं रांग सोडून पळणारच ना! वर्ग पाच-पाच मिनिटांच्या फरकाने सोडा, किंवा ड्रमला दोन-तीन तोट्या बसवा, आणि तोटी पहिलीतल्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर हवी.

आता धुताना नीट बघा एकदा. तळव्यावर तळवा दोनदा फिरतो, फेस यायच्या आधीच हात पाण्याखाली. अंगठा, बोटांची टोकं आणि नखं तशीच कोरडी, आणि तोंडात तर तीच जातात. २० सेकंद चोळायचं ते यासाठी, साबण तेलकट मळ सोडवतो आणि त्याला चिकटलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. पाणी गारच असलं तरी चालतं.

सॅनिटायझर आहे की, असं म्हणू नका. मातीने भरलेल्या हातावर तो नीट चालत नाही, जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस आणि जंतांची अंडी त्याला फारशी दाद देत नाहीत.

"जंतू पोटात जातील" ही भीती लहान मुलांना दोन दिवस पुरते, फार तर. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत हात धुवायची ठरावीक जागा केली, संडासापासून तिथपर्यंत पक्की वाट करून ती रंगवली, वाटेवर पावलं आणि नळापाशी हाताचे ठसे काढले, वेगळं लेक्चर काही नाही. संडासानंतर साबणाने हात धुणारी मुलं ४ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेली.

धुऊन झाल्यावर सगळ्यांचा एकच टॉवेल ही पण चूकच, त्यापेक्षा हात हवेत झटकून वाळवू द्या.

आणि धुताय का रे, असं मुलांना विचारू नका, सगळे हो म्हणतात. वडी किती झिजली ते बघा, आठवडाभर तशीच असेल तर आधी नळाची रांग बघा, मग उंची.