सिम्फनी ऐकायला मुंबईला जायलात? मग हे वाचून जा

लातूर-नांदेडकडचं कुणी सिम्फनीला, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदानं वाजवायच्या पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या रचनेला, जायचं म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला, सूट घालावा लागतो का? नाही ओ. इस्त्रीचा शर्ट, साडी, ड्रेस, काहीबी चालतंय, एसीत गारठता असाल तर एखादी शाल ठेवा बस.

जायचं नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या कलाकेंद्राला. २००६ ला सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद तिथलाच, त्यांचे सीझन शक्यतो फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतात, तिकीट ऑनलाइन निघतं. मोठे कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरमधी. थिएटर १९९९ चं, पण आतला संगमरवरी जिना जुन्या पेटिट हॉलमधून आणून बसवलाय, तो बघायला तरी अर्धा तास आधी पोचा. आणि सात म्हणजे सातच, प्रमुख पाहुण्यांची वाट बघत बसायची आपली सवय तिथं चालत नाही, उशीर झाला की मधल्या गॅपपर्यंत बाहेरच उभं राहा.

सीट काढताना पुढच्या रांगेचा हट्ट नको. पुढून नुसते व्हायोलिनवाले दिसतात, मागचे बासरी, ट्रम्पेट, ड्रमवाले झाकले जातात, बाल्कनीतून सगळं दिसतं आणि आवाजबी मिसळून येतो. मला विचाराल तर स्वस्तातली बाल्कनीच भारी.

सुरुवातीला ओबो, म्हणजे सनईसारखं फुंकायचं वाद्य, एक सूर धरतो आणि सगळे त्यावर वाद्यं लावून घेतात, आपल्याकडं तानपुरा लावतात तसंच, त्याला कार्यक्रम सुरू झाला समजू नका. मग कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हाताच्या इशाऱ्यानं सगळ्यांना वाजवायला लावणारा, येतो, तेव्हा टाळ्या.

आता टाळ्यांचं नीट ऐका, सगळे इथंच फसतात. सिम्फनीत बहुतेक चार मूव्हमेंट, म्हणजे भाग, मधी थांबले तरी टाळ्या नाहीत, आपल्या मैफलीतलं ‘क्या बात है’ पण मनातल्या मनात. गॅप मोजून चार झाले की वाजवू म्हणाल तर तेबी खरं नाही, बीथोवन या संगीतकाराच्या पाचव्या सिम्फनीत तिसरी आणि चौथी मूव्हमेंट न थांबता जोडलेली आहे, आणि चायकोव्हस्की या संगीतकाराच्या सहाव्या सिम्फनीत तिसरी इतक्या दणक्यात संपते की लोकं उठून टाळ्या वाजवायलेत, अन् खरा शेवट पुढं, एकदम संथ. म्हणून मोजूच नका. कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले, तो लोकांकडं वळला, की वाजवा बिनधास्त.

कार्यक्रमात काय वाजणार ते वेबसाइटवर असतं, येताना रेल्वेत तेच यूट्यूबवर दोनदा ऐका. बीथोवनची पाचवी जेमतेम अर्धा-पाऊण तासाची आहे, परभणी ते जालना येईपर्यंत ऐकून होती. ओळखीची धून हॉलमधी साठ-सत्तर जण मिळून वाजवायला लागले की मग मजा कळती.

खोकल्याची गोळी आधीच कागद काढून खिशात ठेवा, शांत जागेत तो कागद लई वाजतो. मोबाइल सायलेंट नको, बंदच करा. आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, संपल्यावर कधी कधी एखादा जास्तीचा तुकडा वाजवतात आणि गाडीच्या घाईत तोच सोडून पळावं लागतं.