चौकात उभे राहून शिकण्याचे काम: पादचारी आणि सायकलस्वारांच्या सुरक्षेकडे वळणाऱ्यांसाठी

स्थापत्य अभियांत्रिकी, नगररचना किंवा समाजकार्य शिकणारे विद्यार्थी हल्ली वरचेवर विचारतात की, चालणाऱ्यांच्या आणि सायकल चालवणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी काम करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी. नाशिकमध्ये काही वर्षे हे काम केल्यानंतर माझे उत्तर ठरलेले आहे: एखाद्या चौकात उभे राहा आणि माणसे मोजा. आपल्याकडे वाहनांची मोजणी होते, माणसांची क्वचितच होते, आणि ज्याची मोजणी कागदावर नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करायला कोणताही अभियंता धजावत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत 32,825 पादचारी होते. दर पाच मृतांमागे जवळपास एक जण पायी चाललेला होता.

मोजणीचा पहिला उपयोग झेब्रा क्रॉसिंग मागताना होतो. इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था. तिच्या पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी 103 या 2012 च्या मार्गदर्शिकेत एक साधे सूत्र आहे. गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या घ्यायची आणि तिला त्याच तासातील वाहनसंख्येच्या वर्गाने गुणायचे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर 10 कोटींच्या, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर 20 कोटींच्या पुढे गेले, तर तिथे नियंत्रित, म्हणजे वाहने थांबवून माणसांना जाऊ देणाऱ्या, क्रॉसिंगचा विचार करावा, असा त्याचा अर्थ. तासाला 1,000 वाहने आणि 200 माणसे असतील तर उत्तर बरोबर 20 कोटी येते. माणसे 20 च असतील तर ते 2 कोटींवर थांबते आणि प्रस्ताव बाजूला पडतो.

नवख्या माणसाने इथेच थबकून विचार करायला हवा, कारण रस्ता इतका धोक्याचा असेल की लोकांनी तिथून ओलांडणेच सोडून दिले असेल, तर हे सूत्र त्या धोक्यालाच गरज नसल्याचा पुरावा ठरवते. म्हणून मोजणीच्या जोडीने आजूबाजूला विचारपूस करणे मी आवश्यक मानतो: पलीकडच्या शाळेत मुलांना कोण सोडते, समोरच्या दवाखान्यात जायला रिक्षा का करावी लागते, आजोबांनी संध्याकाळचे फिरणे कधीपासून बंद केले. मोजणीची वेळही जपून निवडावी लागते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सकाळी अकराला उभे राहिलात तर सायकलवरचा कामगार तुम्हाला फारसा दिसणारच नाही. तो पाळी सुरू होताना आणि सुटताना दिसतो, आणि त्यातला काही भाग अंधाराचा असतो.

मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन मोठे रस्ते जिथे भेटतात तो द्वारका चौक प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी शांतपणे पाहावा. तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला, तरी लोक वाहनांमधून वाट काढत वरूनच ओलांडत राहिले. याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते मुळीच पटत नाही. हातात सामान असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी जिने उतरा, मग चढा, शिवाय वळसा घाला, असे सांगणारी सुविधा त्याच्या सोयीची नसतेच, आणि स्त्रियांना निर्मनुष्य भुयाराची भीती वाटते ती वेगळी. रस्त्याच्या पातळीवरच्या क्रॉसिंगला आयआरसीचीही पहिली पसंती आहे.

या क्षेत्रातील जे तंत्र शिकून मला सर्वाधिक समाधान मिळाले, ते संघर्ष-अभ्यासाचे, म्हणजे होता होता टळलेले अपघात मोजण्याचे. अपघातप्रवण क्षेत्र, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरवण्याचा आपल्याकडचा निकष असा आहे की, सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झालेले असावेत, अथवा दहा जणांचा जीव गेलेला असावा. म्हणजे नोंद होण्यासाठी आधी माणसे जायला हवीत. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात विकसित झालेल्या संघर्ष-तंत्राने ही वाट पाहण्याची गरज कमी केली, कारण त्यात थोडक्यात टळलेले प्रसंग मोजले जातात. आम्ही परवानगी घेऊन शेजारच्या इमारतीच्या गच्चीत मोबाईल तिवईवर लावतो आणि नंतर चित्रण थांबवत थांबवत पाहतो. भाजीची पिशवी घेतलेल्या आजी दुभाजकाच्या कडेशी थांबतात, एक पाऊल टाकतात, मागे घेतात आणि मग निघतात. त्यांनी ज्या जागेवरून पाऊल उचलले, त्याच जागी किती वेळाने दुचाकी पोहोचली, ते पाहायचे. हे अंतर दीड सेकंदाच्या आत आले की प्रसंग सर्वसाधारणपणे गंभीर धरतात. असे प्रसंग एकाच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा दिसू लागले की दोष ओलांडणाऱ्यांच्या वागण्यापेक्षा त्या कोपऱ्याच्या रचनेत शोधावा लागतो. बहुतेक वेळा तिथे डावीकडचे वळण इतके मोकळे आणि गोलाकार केलेले असते की वाहनाला वेग कमी करण्याचे कारणच उरत नाही.

वेग मोजायला महागडी स्पीड गन लागतेच असे नाही. रस्त्याकडेला खडूने 30 मीटर अंतरावर दोन खुणा करा, स्टॉपवॉच घ्या आणि 108 ला सेकंदांनी भागा. ताशी किलोमीटर मिळतात. 3.6 सेकंद म्हणजे ताशी 30, आणि 2.16 सेकंद म्हणजे 50. पुढे वाहन नसलेली, मोकळी धावणारी वाहनेच मोजावीत. हा आकडा महत्त्वाचा का, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोटारीची समोरून धडक ताशी 50 ऐवजी 65 किलोमीटरने बसली की पादचाऱ्याच्या मृत्यूची जोखीम साडेचार पटींनी वाढते. सिग्नलचे गणितही असेच हातचे आहे: 14 मीटर रुंद रस्ता सेकंदाला 1.2 मीटर चालणारा माणूस 12 सेकंदांत ओलांडतो, पण 0.8 मीटरने चालणाऱ्या वृद्धाला साडेसतरा सेकंद लागतात.

पदपथासाठी टेप पुरते. चालण्याची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर, हे दोन आकडे पाठ असू द्यावेत. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रस्ता सरावासाठी उत्तम आहे, कारण पदपथ आणि सायकल मार्ग यांची आखणी आणि त्यांचा प्रत्यक्ष वापर एकाच फेरीत ताडून पाहता येतो. सायकल मार्गावर एकच मोटार उभी असली, तरी सायकलस्वाराला त्या ठिकाणी मुख्य रस्त्यावर उतरावेच लागते. तेव्हा रुंदी मोजताना अडथळ्यांची जागाही नकाशावर टिपावी.

औपचारिक शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईची आयआयटी, नागपूरचे व्हीएनआयटी आणि सुरतचे एसव्हीएनआयटी येथे वाहतूक अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम आहेत. दिल्लीच्या आयआयटीतील संशोधन केंद्र या विषयात देशात अग्रगण्य आहे. आणि रस्ता सुरक्षा लेखापरीक्षक, म्हणजे रस्त्याची रचना सुरक्षित आहे का ते तपासणारा तज्ज्ञ, होण्यासाठी दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे प्रशिक्षण उपयोगी पडते, मात्र त्यासाठी आधी अभियांत्रिकीचा अनुभव लागतो. मुलांना शिकवण्याची आवड असेल तर तिडके कॉलनीतील वाहतूक उद्यानासारख्या ठिकाणी जाऊन पाहावे. तरीही माझे मत असे की, येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज लहान मुलांना नीट बांधता येत नाही, म्हणून शाळेसमोरचा वेग उतरवण्याची जबाबदारी मोठ्यांनी आणि रस्त्याच्या रचनेनेच उचलली पाहिजे.

निवेदन देताना तक्रारीचा सूर टाळून एका पानात जागेचा नकाशा, मोजमाप, छायाचित्र आणि मार्गदर्शिकेतील संबंधित तरतूद द्यावी. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198-अ सदोष रचना आणि देखभालीसाठी यंत्रणा व ठेकेदारांना जबाबदार धरते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथाचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये येतो, असे स्पष्ट केले. दोन्हींचा उल्लेख सौम्य शब्दांत करावा. कार्यकारी अभियंत्यालाही वरिष्ठांपुढे ठेवायला आधार हवाच असतो.

2026-27 च्या सिंहस्थासाठी नाशिकचे अनेक रस्ते खोदले आणि रुंद केले जात आहेत. ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी आपल्या भागातील एक चौक निवडून, काम सुरू होण्यापूर्वीची माणसांची, सायकलींची आणि वेगाची मोजणी आत्ताच करून ठेवावी, आणि काम पूर्ण झाल्यावर त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा करावी. आधीची मोजणी नसेल तर बदल चांगला झाला की वाईट, हे नंतर कोणालाही सिद्ध करता येत नाही.