उडवलेला चेंडू आणि वर्गसमीकरण: या चुका टाळा

दहावीच्या विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि गणित भाग १ चा दुसरा वर्गसमीकरणांचा. शाब्दिक उदाहरणात दोन्ही एकत्र आले की मुले त्याच त्या जागी घसरतात.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे उजवी बाजू शून्य न करताच अवयव पाडणे. प्रतापनगरच्या शिकवणीत मी उदाहरण घातले होते: कस्तुरचंद पार्कवर चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर उडवला, तर तो १५ मीटर उंचीवर कधी असेल? उंची म्हणजे वेग × वेळ, वजा अर्धे गुरुत्व त्वरण × वेळेचा वर्ग. गुरुत्व त्वरण १० आणि वेळ क्ष सेकंद घेतली की २०क्ष − ५क्ष² = १५. एका हुशार मुलाने ५ ने भागून क्ष(४ − क्ष) = ३ केले आणि सरळ लिहिले: क्ष = ३, ४ − क्ष = ३. उत्तरे ३ आणि १, दोन्ही बरोबर! मी गुण कापले.

"सर, उत्तर तर जुळते न, मार्क काहून कापले?"

मी वेग ३० केला, उंची ४०. आता क्ष(६ − क्ष) = ८. त्याच्या रीतीने क्ष = ८ किंवा −२. चेंडू तर सहाव्या सेकंदालाच जमिनीवर येतो! आधीचे जुळले, कारण ३ आणि १ ची बेरीज नेमकी ४ होती. गुणाकार शून्य असेल तरच एक अवयव शून्य असणे भाग आहे. ८ तर १६ आणि अर्ध्याचाही होतो. म्हणून क्ष² − ६क्ष + ८ = ०, मग (क्ष − २)(क्ष − ४) = ०. मी मुलांना आधी '= ०' लिहायला लावतो, डावी बाजू नंतर. मोबाईलवरच्या ट्रिका नेमकी हीच पायरी गाळतात, आणि घाई असलेल्यांना त्याच आवडतात.

दुसरे दुखणे, समीकरणाची मुळे, म्हणजे उत्तरे, डोळे मिटून खोडणे. वरची २ आणि ४ दोन्ही खरी: एक चढताना, एक उतरताना. पण ४० मीटर उंच गच्चीवरून १० च्या वेगाने वर फेकलेला चेंडू जमिनीवर कधी येईल, यात ४ आणि −२ मिळतात. −२ म्हणजे फेकण्याआधीची वेळ, म्हणून बाद. हे कारण वहीत लिहाच.

क्ष ने भागू नका, शून्य हे मूळ हरवते.

ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. आधी एकक बदला.

८० मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीपासून ३५ मीटरवर कधी, असे विचारले तर ती ४५ मीटर पडलेली असते. ५क्ष² = ३५ लिहिणाऱ्यांनी प्रश्न अर्धाच वाचलेला असतो.