सीआरटी बसवल्यावर: ९८ टक्क्यांचा आकडा कसा सांभाळायचा

सीआरटी म्हणजे कमजोर हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालवणारा पेसमेकर. हे मशीन बसवून रुग्ण घरी आला की घरातल्यांचं लक्ष टाक्यांकडे आणि गोळ्यांच्या वेळांकडे असतं. ते हवंच. पण आणखी एक आकडा तोंडपाठ हवा: दिवसभरातल्या किती टक्के ठोक्यांना मशीनने हृदयाची दोन्ही बाजू एकदम चालवली? तो ९८ च्या वर, शक्यतो १०० च्या जवळ हवा. ९० टक्के ऐकायला चांगले गुण वाटतात, पण दिवसाला साधारण एक लाख ठोके धरले तर त्यातले दहा हजार जुन्याच बेताल पद्धतीने पडतात.

बेताल म्हणजे काय, तर डावीकडची विजेची वाट, म्हणजे लेफ्ट बंडल, बंद पडलेली असते. त्यामुळे डाव्या कप्प्याची मधली भिंत आधी आवळते आणि बाहेरची भिंत मागाहून. रक्त पुढे ढकलण्याऐवजी आतल्या आत हेलकावतं. सीआरटीची एक वायर उजव्या वरच्या कप्प्यात, दुसरी उजव्या खालच्या कप्प्यात आणि तिसरी कोरोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाच्या मोठ्या शिरेतून, डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूवरच्या शिरेत असते. खरं काम ही तिसरी वायर करते, आणि सरकण्याचा धोकाही तिलाच जास्त.

म्हणून ज्याच्यात हा बेतालपणा नाही, त्याला हे मशीन नको. तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही हृदयाचं पंपिंग (इजेक्शन फ्रॅक्शन) ३५ टक्के किंवा कमी, धाप कायम, लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक आणि ईसीजीवर क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लाट) १५० मिलिसेकंद किंवा जास्त रुंद, अशा रुग्णाला सर्वाधिक फायदा होतो. क्यूआरएस १३० पेक्षा कमी असेल तर फायदा नाहीच. २०१३ साली आलेल्या इकोसीआरटी चाचणीत अशा रुग्णांमध्ये मशीनमुळे मृत्यू उलट वाढलेले दिसले. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ईसीजीवरचा हा आकडा डॉक्टरांना जरूर विचारा.

पहिले ४ ते ६ आठवडे मशीनच्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पाण्याची बादली उचलायची नाही. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. कोपर, मनगट आणि खांद्याखालची हालचाल रोज चालू ठेवा. जखम लाल झाली, फुगली किंवा पाझरली तर जिथे मशीन बसवलं तिथेच जा. फुगवट्यात सुई घालून कोणालाही पाणी काढू देऊ नका. जंतू वायरीपर्यंत पोचले तर बहुधा अख्खं मशीन वायरींसकट काढावं लागतं.

घरी सोडण्यापूर्वीच्या बारा लीडच्या, म्हणजे बारा कोनांतून काढलेल्या, ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक चेकिंगला नवा ईसीजी काढायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. डावी वायर नीट काम करत असेल तर बहुतेकांत त्यातल्या लीड १ मध्ये क्यूआरएसची सुरुवात खाली जाते आणि व्ही १ या लीडमध्ये क्यूआरएस वर उठतो. हे चित्र उलटलं, लीड १ सरळ वर आणि व्ही १ खाली दिसू लागला, तर डावी वायर सुटल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी विचारा.

यात एक मोठी फसगत आहे. मशीन मोजतं ते आपण दिलेले ठोके. हृदयाने ते खरोखर उचलले की नाही, हे त्या टक्क्यांत नसतं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, असेल तर हृदयाचा स्वतःचा ठोका आणि मशीनचा ठोका एकमेकांत मिसळतात. पडद्यावर ९५ दिसतं, प्रत्यक्षात काम बरंच कमी होत असू शकतं. धाप कमी होत नसेल तर आकड्यावर समाधान मानू नका, होल्टर, म्हणजे २४ तासांचा ईसीजी, मागा.

आकडा खाली येण्याची नेहमीची कारणं तीन. फिब्रिलेशनमध्ये नाडी औषधांनी आवरत नसेल तर एव्ही नोड अब्लेशन (वरून खाली येणारी विजेची वाट जाळून बंद करणं) करावं लागतं. जादा ठोके, म्हणजे पीव्हीसी, खूप पडत असतील तर औषध किंवा अब्लेशन. आणि एव्ही डिले, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांमधलं अंतर, लांब ठेवला असेल तर हृदय मशीनच्या आधीच ठोका देऊन मोकळं होतं. हे प्रोग्रॅमरवर, म्हणजे मशीनची सेटिंग बदलणाऱ्या संगणकावर, पाच मिनिटांत सुधारतं.

डाव्या कुशीवर झोपल्यावर बरगडीखाली उचकीसारखं फडफडत असेल तर वायर श्वासपटलाच्या नसेला उत्तेजित करते आहे. चार टोकांच्या वायरीत दुसरं टोक निवडून हे बहुधा थांबतं. नुसता करंट कमी केला तर फडफड जाईल, पण डावा कप्पाही मशीनच्या ठोक्याला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून बदल केल्यावर कॅप्चर, म्हणजे हृदय मशीनचा ठोका उचलतंय का, हे तपासून आणि ईसीजी काढूनच उठा.

मशीन बसलं म्हणून एकही गोळी बंद करू नका. उलट नाडी मंद होण्याच्या भीतीने अडलेला बीटा ब्लॉकरचा डोस आता डॉक्टर वाढवू शकतात. वजन रोज सकाळी करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा.

मोबाइल मशीनपासून १५ सेंटिमीटर दूर, शर्टाच्या त्या खिशात नको. मिक्सर, मायक्रोवेव्ह चालतो. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहा. शॉक देणारं मशीन, म्हणजे सीआरटी-डी, असेल तर एक शॉक बसून बरं वाटत असल्यास त्याच दिवशी कळवा. २४ तासांत दोन शॉक बसले, किंवा एका शॉकनंतर चक्कर आली, छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.

बोलायला जड, पण घरात एकाला तरी ठाऊक हवं: रुग्ण गेला तर दहनापूर्वी मशीन काढावं लागतं, नाहीतर बॅटरी चितेत किंवा विद्युतदाहिनीत फुटते. शॉकचं मशीन असेल तर ते आधी प्रोग्रॅमरने बंद करून घ्यायचं, कारण चालू मशीनची वायर कापताना कापणाऱ्याला शॉक बसू शकतो. मशीनचं कार्ड आधार कार्डाशेजारीच ठेवा.