फ्रीजला महिन्याला किती रुपयांची वीज लागते? घरच्या मीटरवरून असं काढा

फ्रीजच्या पाटीवरचे वॅट घ्या, २४ तासांनी गुणा, मग ३० दिवसांनी, हा सल्ला जागोजागी मिळतो. तो सोडून द्या. कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, आणि आपल्या विदर्भात मे महिन्यातलं त्याचं काम डिसेंबरपेक्षा कितीतरी जास्त असतं. खरा आकडा मीटरच सांगतो.

घरातलं बाकी सगळं बंद करा. बॅटरीच्या इन्व्हर्टरचा प्लगही काढा, चार्जिंगला तो वीज ओढत असतो. मीटरच्या लाल दिव्याजवळ ३२०० (काहींवर १६०० किंवा ६४००) असा आकडा असतो. दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. कॉम्प्रेसर चालू असताना पाच मिनिटं मोजा. ३० वेळा लुकलुकला, तर तासाला ३६०. त्याला ३२०० नं भागलं की तासाला ०.११ युनिट.

कॉम्प्रेसर किती वेळ चालतो, हे दुपारी दोन तास आणि रात्री दोन तास घड्याळ लावून बघा. गेलेली लाईन नुकतीच आली असेल तर मोजू नका, तेव्हा तो बराच वेळ सलग चालतो. निम्मा वेळ चालला, तर दिवसाचे १.३५ आणि महिन्याचे साधारण ४० युनिट. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा (बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही, थांबण्याऐवजी वेग कमी-जास्त करत चालणारा) फ्रीज असेल तर दिवसातून चार-पाच वेळा लुकलुक मोजून सरासरी घ्या.

आता रुपये. मी सगळ्यात जास्त अडलो ते इथेच, आणि बहुतेक लोक इथेच चुकीचा आकडा घेऊन बसतात. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून 'युनिटचा भाव' काढू नका. त्या बिलात स्थिर आकार असतो, आणि तो फ्रीज असो-नसो द्यावाच लागतो. फ्रीजच्या माथी तो मारायचा नाही.

दुसरं, महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी चढे. १०० ओलांडले म्हणून सगळे युनिट महाग होत नाहीत, वरचे तेवढेच होतात. म्हणून विचारायचं ते एवढंच, की फ्रीज नसता तर बिल कुठे थांबलं असतं? समजा, बिल १३० युनिटांचं आहे आणि फ्रीजचे ४०. फ्रीज नसता तर ९० वर थांबलं असतं. म्हणजे फ्रीजचे १० युनिट पहिल्या दराने आणि ३० दुसऱ्या दराने. हीच मांडणी बरोबर, सरासरी नाही.

चालू बिलावरून प्रत्येक युनिटामागे वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार धरा. या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क चढवा. वहन आकार सोडून हिशेब करणाऱ्यांचा आकडा नेहमी कमी येतो.

मिक्सरची काळजी करू नका. ७५० वॅटचा मिक्सर सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) चटणीला रोज दहा मिनिटं फिरला तरी महिन्याला चार युनिटही होत नाहीत.

कॉइलच्या शेगडीला मात्र पाटीवरचे वॅट आणि नेहमीचा वेळ यांचा गुणाकार लावू नका. संध्याकाळी डीपीवर (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येऊन व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरलं, की तीच शेगडी जेमतेम ६० टक्के ताकदीने तापते आणि भात शिजायला जास्त वेळ घेते. शेगडीचं मोजमाप स्वयंपाकाच्या वेळीच, दिवा मोजून करा.